हेडक्लार्कसाहेबांचं शहरदर्शन

पुस्तक घरी ठेवायचं, एवढंच हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं, असं त्यांचं म्हणणं. (त्यांच्या बायकोचं म्हणणं वेगळं आहे, पण ते ओघाने येईलच.)

झालं असं, की रविवारी सकाळी साडू चहाच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडून बसले. साडू आणि मेहुणी आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते, तेही अशा गावाहून, जिथे नदीसुद्धा वर्षातले चार महिने सुट्टीवर असते. साडूंचं गावात चष्म्याचं दुकान होतं. बारीक अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

"'सकाळी बंदरावर ताज्या मासळीचा समाचार घ्यावा,'" ते मोठ्याने वाचू लागले. "'मग दीपगृह पाहावं. दुपारी जुन्या बाजाराच्या बोळांतून पाय नेतील तिकडे भटकावं.' वा! साडूभाऊ, दीपगृह इथून किती लांब हो?"

या शहरात दीपगृह आहे, हीच बातमी हेडक्लार्कसाहेबांना नवी होती. त्यांचा जन्म इथला, शिक्षण इथलं, नोकरीही इथलीच, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात. पण त्यांचं शहर म्हणजे घर, बसस्टॉप, ऑफिस, आणि महिन्यातून एकदा न्हावी. तरी गेल्याच वर्षी ते हेडक्लार्क झाले होते, आणि हेडक्लार्क माणूस 'माहीत नाही' असं कधी म्हणत नाही. ऑफिसात तो 'बघून सांगतो' म्हणतो. घरात, तेही साडूंसमोर, तीसुद्धा सोय नाही.

"आणा ते इकडे," म्हणत त्यांनी पुस्तक घेतलं आणि थाडकन मिटलं. "हा लिहिणारा इथे राहून राहून किती राहिला असेल? फार तर आठवडा! आणि तो मला माझं शहर शिकवणार? अहो, मी इथल्या पाण्यावर वाढलोय. माझ्याबरोबर हिंडायचं तर पुस्तक नाही, फोन नाही, आणि रस्त्यात कोणाला काही विचारायचं नाही!"

पुस्तक कपाटावर गेलं. मेहुणी कौतुकाने म्हणाली, "ताई, भावोजी किती हौशी गं!"

ताईने नुसतं बहिणीकडे पाहिलं. चपला घालता घालता ती म्हणाली, "दोन बाटल्या पाणी घेते. लागेल."

बसस्टॉपवर पहिली बस आली आणि हेडक्लार्कसाहेब तिच्यात चढले. का चढले, हे त्यांच्या पायांना विचारा. ती बस दिसली की चढायची पायांना वर्षानुवर्षांची सवय. त्यांच्यामागून बाकीचे चढले. आणि नेहमीच्या स्टॉपवर पाय खालीही उतरले. समोर पाणीपुरवठा खात्याची इमारत उभी होती.

"हे दीपगृह?" साडूंनी मान वर करून विचारलं.

"दीपगृह नंतर," हेडक्लार्कसाहेब घसा खाकरत म्हणाले. "आधी हे. ही इमारत पुस्तकात सापडणार नाही तुम्हाला."

"का बरं? काय आहे हिच्यात?"

तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन धावत आला आणि कडक सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, आज रविवार हाय! घरी कळलं नाही का?"

मेहुणीला खोकल्याची उबळ आली. बायकोने पाण्याची एक बाटली तिच्या हातात दिली.

माणसाने इथेच शस्त्रं टाकायला हरकत नव्हती. पण हेडक्लार्कसाहेब हट्टाला पेटले, की आगीच्या बंबालाही आवरत नाहीत. ते रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी एक सिद्धान्त मांडला: पाणी उताराकडे जातं. समुद्र म्हणजे पाणी. तेव्हा उतार धरून चालत गेलं, की समुद्र यायलाच हवा. "उभा जन्म पाण्यात गेलाय माझा," ते म्हणाले, "चला!"

चालले. उतार धरून चालले. दुकानं संपली, घरं संपली, एक गॅरेज लागलं, तेही संपलं. मग वाऱ्याबरोबर एक वास आला.

"आला!" हेडक्लार्कसाहेब ओरडले. "हाच तो खारा वारा! घ्या, भरून घ्या छातीत. औषधी असतो."

साडूंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मेहुणीनेही घेतला आणि तिचा चेहरा हिरवट झाला. "भावोजी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "औषध जरा कडूच आहे हो."

वळण घेतल्यावर भिंत आली. भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरं होती. साडूंनी ती सवयीने मोठ्याने वाचली, "'सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. विनाकारण थांबू नये.'"

"बघा," हेडक्लार्कसाहेब तसूभरही न हलता म्हणाले, "उतार बरोबर होता. पाणी जरा वेगळं निघालं."

बायकोने पदराने नाक झाकलं होतं, पण डोळे बोलत होते. "आता तरी विचारू या का कोणाला?"

"मुळीच नाही!"

आणि गंमत अशी, की त्या भिंतीला वळसा घालून गेल्यावर खरोखरच बंदर लागलं. काळ्या पाण्याचा एक तुकडा, क्रेन, दोरखंड, आणि धक्क्याला टेकलेलं एक मोठं अंगण. अंगणात लांबच लांब टेबलं मांडलेली, माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि तळलेल्या मासळीचा असा काही घमघमाट, की मघाच्या औषधावर तो उतारा ठरला. हेडक्लार्कसाहेबांच्या मुद्रेवर तेज आलं. "पुस्तकातली हॉटेलं पाहुण्यांसाठी. शहरातली माणसं जेवतात ती इथे!" असं म्हणून ते सरळ आत शिरले आणि मधलं रिकामं टेबल पकडून बसले.

कोणीतरी हसून पाणी दिलं. कोणीतरी सरबताचे पेले ठेवले. काही न मागता खेकड्याचा रस्सा आला, पाव आला, मासा आला. साडू तर बोटं चाटता चाटता गहिवरले. "साडूभाऊ, मानलं तुम्हाला!"

एवढ्या कौतुकावर थांबावं की नाही? पण हेडक्लार्कसाहेबांनी वाढणाऱ्या बाईंना खूण केली. "रश्शात मीठ चिमूटभर जास्त आहे. मालकांना पाठवा."

बाईंनी भुवया उंचावल्या, पण पाठवलं. मालक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, उन्हाने रापलेले, दाराएवढे रुंद गृहस्थ.

"बसा," हेडक्लार्कसाहेब मोठेपणाने म्हणाले. "किती वर्षं चालवताय?"

"हयात गेली. आज शेवटचा दिवस."

"अरेरे! का? नीट चालत नव्हतं?"

"चालायला काय झालं? लोण्यासारखी चालते. माझंच वय झालं."

"गर्दी असते कायम?"

"वादळात नसते."

"बरोबर आहे, वादळात कोण बाहेर पडतं! कधी बुडायची वेळ आली होती?"

"एकदा. मध्यरात्री. देवाने वाचवलं."

"धंदा म्हटला की चढउतार आलेच."

"चढउतार?" मालकांनी हात डोक्यावर नेले. "घराएवढे!"

बायको मघापासून भिंतीकडे टक लावून होती. तिथे एक कापडी फलक टांगलेला होता. ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, हे हॉटेल नाही."

"हॉटेल नाही तर मासे कुठून आले?"

"वाचा तिकडे. 'आमच्या टगबोटीच्या कप्तानांना प्रेमाचा निरोप.'"

"नाव असेल हॉटेलचं. हल्ली काहीही नावं ठेवतात."

पण असं म्हणता म्हणता त्यांच्या कपाळावर घाम आला. कारण मालकांच्या खिशावर नांगराचं चित्र होतं, आणि हॉटेलवाल्याच्या खिशावर नांगर कशाला असेल? तेव्हा लक्षात आलं, की समोर बसलेले गृहस्थ टगबोटीचे कप्तान होते, मोठाली जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या बोटीचे. ते आज निवृत्त होत होते. आणि आपण त्यांच्या घरच्या जेवणात मिठाची खोड काढलीय.

उठून माफी मागायची, एवढंच करायचं होतं. पण शेजारी साडू बसले होते, आणि साडूंच्या डोळ्यांत अजून ते 'मानलं तुम्हाला' होतं.

"तुम्ही ऑफिसातूनच आलात ना?" कप्तानांनी विचारलं. "आमचे साहेब म्हणाले होते, मी नाही आलो तर कोणाला तरी पाठवतो."

"ऑफिसातूनच," हेडक्लार्कसाहेब म्हणाले. (हे अगदी खोटं नव्हतं. सकाळी ते ऑफिसावरूनच आले होते.)

"मग दोन शब्द बोला!"

टाळ्या पडल्या. हेडक्लार्कसाहेब उभे राहिले. भाषण त्यांना एकच येत होतं, खात्याच्या वार्षिक सभेचं. तेच त्यांनी छाती काढून ठोकलं. "मित्रहो, पाणी म्हणजे जीवन! आणि आपला खरा शत्रू कोण? गळती!"

बोटीवरची माणसं ती. गळती म्हटल्यावर त्यांनी टेबलं बडवली.

"गळती दिसली की ताबडतोब बुजवा! उद्यावर टाकाल तर बुडाल!"

"खरं आहे!" मागून एकजण ओरडला. एका म्हाताऱ्या खलाशाने डोळे पुसले. हेडक्लार्कसाहेबांना उभ्या आयुष्यात अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या त्यांना चढल्या. "या शहराचा कोपरान्‌कोपरा मी जाणतो!" ते गरजले. "आणि हा समुद्र तर माझा बालमित्र—"

"पुरे!"

त्यांची बायको उभी राहिली होती. हातात अर्धा पाव तसाच होता.

"पुरे झालं," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "कप्तान, आम्ही तुमच्या ऑफिसातले नाही. आम्हाला कोणी बोलावलेलं नाही. हे रस्ता चुकले, आणि चुकलो म्हणायची लाज वाटते म्हणून तुमच्या पंगतीत येऊन बसले. वर रस्सा खारट म्हणाले. रस्सा खारट नाहीये. इतका चांगला रस्सा मी कधी खाल्ला नव्हता. लग्न होऊन या गावात आले तेव्हा वाटलं होतं, रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊ. माझं लेकरू कॉलेजात गेलं, पण मला या माणसाने एकदा पाण्यात पाय बुडवायला नेलं नाही. दर वेळी म्हणायचे, 'समुद्र कुठे पळून जातोय?' आज पाहुणे आले म्हणून निघाले, तर मला सांडपाणी दाखवलं! आम्हाला हाकलायचं असेल तर हाकला. पण आज मी समुद्र जवळून बघितल्याशिवाय घरी जाणार नाही. एकटी जाईन, विचारत विचारत जाईन!"

साडू खाली मान घालून माशाचा काटा न्याहाळत होते. हेडक्लार्कसाहेबांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. निदान टेबलाखाली तरी.

कप्तानांनी हेडक्लार्कसाहेबांच्या बायकोकडे पाहिलं, वाढणाऱ्या बाईंकडे पाहिलं. त्या बाई म्हणजे त्यांची बायको. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "बाई, आधी तो पाव संपवा. हाकलतो कोण? सगळे बोटीवर निघालोय, शेवटची फेरी मारायला. तुम्ही पुढे उभ्या राहा." मग हेडक्लार्कसाहेबांकडे न बघता, "यांनाही घ्या. भाषण बरं करतात."

अशा रीतीने हेडक्लार्कसाहेब बालमित्राला भेटायला निघाले.

बोट धक्क्यापासून सुटली आणि बायकोचा चेहरा असा फुलला, की तो पाहून नवऱ्याच्या पोटात कालवलं. (लाटांमुळेही असेल.) तिने कठड्यावरून वाकून हात पाण्यात धरला. तुषार तोंडावर आले तशी ती मोठ्याने हसली, आणि मेहुणीही हसली. लांबवर दीपगृह दिसलं. ते सगळ्यांच्या आधी तिनेच दाखवलं. कप्तानांनी तिला सुकाणूही धरायला दिलं. हेडक्लार्कसाहेब एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. रंग उतरला होता, पण मान खाली नव्हती.

किनाऱ्याच्या बाजूला, गोदामांच्या वर, इमारतींच्या मागच्या भिंतींची रांग दिसू लागली. आपल्या शहराबद्दल अजूनही आपलं मत आहे, हे जगाला कळायला हवं म्हणून ते म्हणाले, "ती बघा साडू, ती जांभळी इमारत. केवढा भिकार रंग! असल्या ठिकाणी कोण माणसं राहत असतील?"

"आपण," बायको सुकाणूवरून म्हणाली.

"काहीतरीच! आपल्या घरातून समुद्र कुठे दिसतो?"

"स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून दिसतो. गोदामांच्या वरून, एवढीशी पट्टी. कपडे वाळत घालताना रोज बघते. तुम्ही आलाय कधी तिकडे?"

याला सडेतोड उत्तर द्यायला हेडक्लार्कसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं. ते उत्तर आजतागायत कोणी ऐकलेलं नाही. कारण नेमक्या त्याच वेळी बोटीला एक मोठा हिसका बसला, आणि खेकडा, मासा, पाव असं सगळं त्यांनी कठड्यावरून समुद्राच्या स्वाधीन केलं.

कप्तानांनी त्यांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिलदार माणूस आहे हो! समुद्राची पहिलीच भेट, पण काही हातचं राखलं नाही!"