आधी निगेटिव्ह

प्रल्हादभाऊंच्या दुकानात गाडी घेऊन येणाऱ्याला आधी हातातली अंगठी काढावी लागायची. तो नुसता बाजूला उभा राहून पाहणार असला, तरीही. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली चेन, सगळं खिशात जायचं. मग बॉनेट उघडायचं. मग प्रल्हादभाऊ दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायचे आणि तो पाना शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावायचे, म्हणजे त्यांना न विचारता कुणी वायर परत जोडू नये. एवढं झालं की मगच विचारायचे, "हं, बोला. काय बसवाचं हाय?"

वाशीमजवळच्या मालेगावच्या बसस्टँडपुढं आमचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. आमचे हे कापड कापतात, मी शिवते. आमच्या भिंतीला भिंत लावून प्रल्हादभाऊंचं दुकान होतं. गाडीत टेप, स्पीकर, अॅम्प्लिफायर बसवून द्यायचं. गिऱ्हाईक तसं दोघांचं एकच. तो आधी त्यांच्याकडं जायचा, तिथं भांडायचा आणि तणतणत आमच्याकडं सीट दाखवायला यायचा.

एकदा नुकताच साखरपुडा झालेला एक पोरगा सासऱ्यांना घेऊन आला. गाडी सासऱ्यांनीच दिलेली. त्याची नवी अंगठी निघेना.

"साबन लावा," प्रल्हादभाऊ म्हणाले.

सासरे म्हणाले, "अहो, कालच घातली. काढणं बरं नाई दिसत."

"मंग बोट ठेवता का अंगठी ठेवता, ते तुमी ठरवा. तार एकीकून अंगठीले लागली आन दुसरीकून पत्र्याले, तं अंगठी लाल होते. बारा व्होल्टची बॅटरी लहान दिसते, पन ते कोनाच्या सोयऱ्याले वयखत नाई."

सासऱ्यांना तो अपशकुन वाटला. ते गाडी घेऊन समोरच्या गोलूकडं गेले. रस्त्यापलीकडं गोलूचं दुकान, तोच धंदा. गोलूनं त्यांना चहा पाजला, अंगठीचं नावसुद्धा काढलं नाही, आणि चहा संपेपर्यंत गाडीत गाणं वाजायला लागलं. प्रल्हादभाऊ स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "वहिनी, याले फिटिंग नाई म्हनत. याले नशीब म्हनतात."

असली त्यांची बोलणी. वायर पत्र्याच्या भोकातून ओढायची असेल तर तिला रबरी बुश लावल्याशिवाय ते ओढायचे नाहीत. "पत्र्याले दात असतात. रोज जराजरा चावते. गाडी जेवढी हालन, तेवढं चावते." बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच हवा, आणि त्याचं कारण सांगताना ते म्हणायचे, "फ्यूज म्हंजे घरातली सून. काही झालं का पयले तिनं मरायचं, म्हंजे बाकीचं घर वाचते." हे ऐकून माणसं हसायची. मी कधी हसले नाही. पण त्यांना खोटंही म्हणता आलं नाही.

धनजच्या एका लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी मांडवात उभी होती आणि तिचा हॉर्न आपोआप वाजला. झालं. प्रल्हादभाऊ पंगतीतून उष्ट्या हातानं उठले आणि बॉनेट उघडून आत वाकले. त्या लग्नाच्या फोटोत नवरानवरी हसत गाडीकडं येताहेत आणि मागं फुलांच्या माळांमध्ये एका माणसाची फक्त पाठ दिसते. वरपक्षानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. परत पानावर बसायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

लोकांनी त्यांच्या या वेडाची कहाणीही रचली होती. म्हणे त्यांच्या हातची एक गाडी जळली आणि आत माणूस गेला, तेव्हापासून हे असं. एकदा कुणीतरी तोंडावरच विचारलं. प्रल्हादभाऊ म्हणाले, "कोनी मेलं नाई. कोनी मरू नये म्हनून सांगून राह्यलो, तं तुमाले पयले मुडदा पाह्यजे."

बायको काविळीत गेल्यावर त्यांच्या घरात ते आणि मुलगा अमोल, एवढीच माणसं. अमोल मालेगाव ते किन्हीराजा काळी-पिवळी जीप चालवायचा. हसरा, मेहनती पोरगा. मला काकू म्हणायचा. त्या लाइनवर ज्या जीपमध्ये गाणी जोरात, तिथं सवारी आधी बसते. अमोलला मोठा अॅम्प्लिफायर आणि मागच्या सीटखाली बेसचे दोन मोठे स्पीकर हवे होते. त्यानं वडिलांना सांगितलं.

"तुह्या गाडीत माणसं मांडीवर माणूस घेऊन बसतात," प्रल्हादभाऊ म्हणाले. "त्याहिच्या बुडाखालून एवढा करंट मी नेत नाई. लहान बसव, नीट बसवून देतो."

"लहान तं मोबाइलवर बी वाजते, बाबा."

"मंग मोबाइल वाजव."

अमोल रस्ता ओलांडून गोलूकडं गेला. बापाच्या डोळ्यांदेखत. दुपारभर गोलू त्या जीपवर काम करत होता आणि प्रल्हादभाऊ स्टुलावर पाठ फिरवून बसले होते. पहिलं गाणं वाजलं, तेव्हा आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.

नंतर त्या जीपचा फ्यूज सारखा उडायला लागला. एकदा अमोल सीट शिवायला आमच्याकडं आला असताना तो पुन्हा उडाला. गोलू समोरून आला. उडालेला फ्यूज काढून फेकला आणि त्या जागी तांब्याच्या तारेचा पीळ बसवून गेला. "आता नाई उडत," म्हणाला. मी ते प्रल्हादभाऊंना त्याच दिवशी सांगितलं.

ते तसेच उठून स्टँडवर गेले. जीप सवारीनं भरलेली, नंबर लागलेला. सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्यांनी बॉनेट उघडलं, तार उपटून काढली आणि ती वर धरून अमोलला म्हणाले, "हे काय हाय? वाच ना, काय लिवलं हाय याच्यावर? सरण लिवलं हाय."

ड्रायव्हर हसले. सवारी उतरून मागच्या जीपमध्ये जाऊन बसली. त्या संध्याकाळी अमोलनं घरातून कपडे उचलले आणि एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. जाताना आमच्या दुकानाशी थांबला. म्हणाला, "काकू, एकट्यात सांगतलं असतं तं म्या ऐकलं असतं." खरंच ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. पण तार त्यानं परत बसवली.

जीप पेटली ती किन्हीराजाच्या अलीकडं, भर दुपारी. पत्र्यानं वायर खाल्ली होती. तार काही उडाली नाही, तिथून मागच्या सीटपर्यंत सगळी वायर लालभडक झाली. आधी धूर आला, मग सीट पेटली. ते कव्हर मी शिवलेलं होतं. माणसं उड्या टाकून बाहेर पडली. एक म्हातारी मागच्या कोपऱ्यात अडकली, तिला उठवेना. अमोल आत शिरला आणि तिला ओढून काढलं. म्हातारीचा पाय भाजला आणि मोडलाही. अमोलच्या उजव्या हाताचं कातडं गेलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचे दोन मुलगे माणसं घेऊन स्टँडवर आले. अमोल वाशीमला दवाखान्यात पडलेला. गोलूचं शटर खाली. त्यांनी विचारत विचारत अमोलच्या बापाचं दुकान गाठलं. मी मशीनवरून उठून दारात आले.

"त्या गाडीत साऊंड कोनं बसवला?"

प्रल्हादभाऊ उभे राहिले. मला वाटलं, जन्मभर हा माणूस ज्या घटकेची वाट पाहत होता, ती आली. आता ते सगळं सांगतील. पत्र्याचे दात, वीतभर अंतर, तार, गोलू, ऐकत नसलेला पोरगा. कुणाचं काय चुकलं ते.

"म्या बसवला," ते म्हणाले.

"फ्यूज होता का त्याले? पोलिस म्हनते तार होती."

"तारच होती. म्याच टाकली. पोराले त्यातलं काही मालूम नोतं. तो बिचारा गाडी चालवते फक्त."

थोरल्यानं त्यांच्या तोंडात मारली. चष्मा नालीत पडला. मी पायरी उतरले, तोंडही उघडलं होतं. प्रल्हादभाऊ गालावर हात ठेवून माझ्याकडं वळले आणि अगदी हळू म्हणाले, "वहिनी, तुमी मशीनवर बसा."

मी बसले. पायडल काही मारता आलं नाही.

पोलिसांसमोरही ते तेच बोलले. केस अजून चालू आहे, तारखेला ते एकटे जातात. गोलूनं काही दिवसांनी शटर उघडलं, आता त्याच्या दुकानाला पहिल्यापेक्षा मोठी पाटी आहे. प्रल्हादभाऊंकडं त्यानंतर कुणी गाडी लावली नाही. जी माणसं त्यांना भेकड म्हणून हसायची, तीच आता म्हणतात, "दुनियेले फ्यूज शिकवत होता आन पोटच्या पोराच्या गाडीत तार टाकली बुढ्यानं." चहाच्या टपरीवर कुणी काही हलगर्जीपणा केला तर त्याला प्रल्हाद म्हणतात. त्यांच्यासमोरही.

मी दवाखान्यात जाऊन अमोलला भेटले होते. म्हटलं, "तुले तं खरं मालूम हाय. एकदा जाऊन बाबाशी बोल."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "म्या म्हनलं होतं का त्याहिले खोटं बोला म्हनून?" मग म्हणाला, "आता जलमभर हेच घेऊन फिरू का मी?"

दवाखान्यातून तो सरळ पुण्याला गेला. तिकडं कुठल्याशा गोदामात आहे. वडिलांचा फोन तो उचलत नाही.

प्रल्हादभाऊंनी दुकान सोडलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. पण माणसाला जायला जागा लागते. दुपारी ते आमच्याकडं येतात, कोपऱ्यात बसतात आणि मी शिवलेल्या कव्हरांचे सुटलेले दोरे कात्रीनं कापून देतात. फार बोलत नाहीत. आमचा डबा उघडला की "घरून जेवून आलो" म्हणतात. घरी चूल पेटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात आमचे हे कापड आणायला अकोल्याला गेले होते. प्रल्हादभाऊ कात्री खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, तुमच्या फोनवरून अमोलले लावता का? हाताचं इचारा फक्त. बोटं मिटतात का इचारा. मी इथं हाय म्हनू नोका."

मी लावला. अमोलनं उचलला. मागं गोदामाचा कसला तरी आवाज होता. मी हाताचं विचारलं.

"मिटतात काकू. करंगळी जरा आखडून हाय अजून." मग थांबला. "कोनं इचाराले लावलं तुमाले?"

प्रल्हादभाऊ माझ्याकडंच बघत होते. त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली.

"कोनी नाई रे. मलेच आठवण आली."

मी फोन ठेवणारच होते. तेवढ्यात त्यानं विचारलं, "जेवले का?"

"हो," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हने?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"बोटं मिटतात म्हणे. करंगळी तेवढी राहिली."

"अजून काय म्हने?"

"'जेवले का' म्हणाला."

"तुमाले इचारत असन."

"मले इचारलं असतं तं 'जेवल्या का' म्हनला असता, भाऊ."

मी डबा उघडला, अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी झाकणात काढून त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी हात पुसला आणि जेवायला सुरुवात केली.