करीमभाईंच्या रबरी नळ्या

करीमभाई माणसांना ‘तू’ म्हणत आणि नळ्यांना ‘आप’. मानोऱ्याच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. लढाईचे दिवस, रबर मिळेनासं झालेलं. तुंबलेली लघवी काढायच्या तीनच नळ्या दवाखान्यात उरल्या होत्या. करीमभाई त्या उकळत, सावलीत वाळवत, उजेडात धरून चीर गेली का ते पाहत आणि डब्यात ठेवताना म्हणत, “अब आराम कीजिए.” डॉक्टरांनी एकदा सहज एक नळी बोटाभोवती गुंडाळली, तर करीमभाई दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी तिथल्या शाळेत मास्तर. मला हे सगळं वेड वाटे.

एका सकाळी माझ्या काकांना बैलगाडीत निजवून आणलं. आदल्या दिवसापासून लघवी बंद, पोट मडक्यासारखं टणक. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. काका म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. ते करीमभाईंना जवळच येऊ देईनात. मेलो तरी चालेल, म्हणाले.

करीमभाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, भांडं धरायला मला तेवढं ठेवलं. कोपरापर्यंत हात धुतले. नळीला उकळून निववलेलं गोडंतेल लावलं आणि काकांना विचारलं, औंदा तूर कशी आहे? तुरीवरच्या अळीबद्दल काका तावातावानं सांगू लागले. त्या बोलण्यात नळी कधी आत गेली ते मलाही कळलं नाही. भांड्यात धार लागली. भांडं अर्धं होताच करीमभाईंनी नळी चिमटीत धरली.

“सबूर,” ते म्हणाले. “एकदम रिकामं केलं तर चक्कर येते.”

काकांनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. कुदळ धरावी अशी ती जाड बोटं, आणि त्यांत हे कसब. मी भांडं धरून नुसता पाहत राहिलो.

पुढं बाजारात करीमभाई दिसले. मी आणि काका समोर असून ते मान खाली घालून निघून गेले. मला राग आला. दवाखान्यात गाठून कारण विचारलं.

“गावातले निम्मे म्हातारे माह्या हाताखालून गेले, मास्तर,” ते म्हणाले. “मले पाह्यलं का त्याइले तो दिवस आठवते, मान खाली जाते त्याइची. म्हून मीच आधी घालतो.”

मी हे काकांना सांगितलं.

पुढच्या बाजाराला काका चार पाहुण्यांबरोबर हॉटेलाच्या ओट्यावर बसले होते. रस्त्याच्या कडेनं करीमभाई चालले होते. काका उठून उभे राहिले.

“ओ भाई, या इकडे. माह्याजवळ बसा. चहा घेऊ.”

करीमभाई थांबले. आणि काका कोणाला बोलावतात ते पाहायला त्यांनी मागं वळून पाहिलं.