उपवासाच्या भगरीत हळद

नवऱ्याला, केतनला, नोकरी लागावी म्हणून उज्वलाने एकदा स्वतःचा चहा सोडायचा नवस केला होता. नोकरी लागली, पण तोवर चहावाचून ठणकणाऱ्या कपाळाला सुंठ उगाळून लावता लावता तिचा जीव गेला. (आणि केतन शेजारी बसून फुर्रकन चहा ओढत होता!) म्हणून या खेपेला तिने देवाला नीट बजावलं, "काम यांचं, तेव्हा चहाही यांचाच बंद."

कामही तसंच होतं. गावी, कोंडाण्याला, सासरे आबाजी टाकी भरली की दुखऱ्या गुडघ्यांनी ओढ्यापर्यंत उतरून मोटर बंद करत. आता ती आपोआप बंद करायला केतनने एक इवलंसं कार्ड आणलं होतं. त्याचा प्रोग्राम खोपोलीच्या घरी लॅपटॉपवर तयार करायचा आणि चालवायचा कार्डावर.

"झाला गं कंपाइल! चालला!" केतन ओरडला.

उज्वलाने देवापुढे साखर ठेवली, आलं ठेचून चहा टाकला. अर्धा कप पोटात गेल्यावर केतन म्हणाला, "लॅपटॉपवर चालला हां. कार्डासाठी करायला गेलं की लिंकर एरर देतो."

"अहो, मग ओरडलात कशाला? मोडला ना माझा नवस!"

"लिंकर म्हणजे सगळे तुकडे जोडणारा. त्याला कार्डाच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार तुकड्यांचे डबे, हवेत, आणि कुठूनतरी लॅपटॉपच्याच येतायत."

"म्हणजे उपवासाच्या भगरीत रोजच्या डब्यातली हळद! आणि वर देवाला साखर ठेवायला लावलीत?" तिने त्याच्या हातातला कप घेऊन मोरीत ओतला.

"पाय मोकळे करून येतो," म्हणत केतनने चपला घातल्या. परतला तो टवटवीत. आल्या आल्या त्याने लायब्ररीचा पत्ता बदलला आणि कार्डावरचा दिवा लुकलुकला. उज्वलाचे डोळे भरून आले. देवाने फुटका नवससुद्धा पदरात घेतला!

रविवारी कोंडाण्याला टाकी भरली आणि मोटर गप्प झाली. खाटेवरून आबाजी म्हणाले, "आरं, बंद कोनी केली रं?"

"देवाने, आबा!" उज्वला म्हणाली.

परतताना खोपोलीत घराजवळच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीतून भिवाजीने हाक मारली, "वहिनी, चाललं काय कार्ड? त्या दिशी साहेबांनी कटिंगवर कटिंग रिचवलं, तवा कुठं चूक गावली!"

केतन आभाळ न्याहाळू लागला.

तर बायांनो, घरात काही अडलं तर तुम्हीही असाच नवस करा, आणि चहा नवऱ्याचाच सोडा. फक्त तो चपला घालू लागला, की डोळे मिटून नामस्मरण करा.