हकीकत चिमुकल्या लॅपटॉपाची व मास्तरांच्या बोटाची

वाचणाराचे चित्त सावध असो. शिंपीशाहीचे उतरते काळी, कात्री धारदार परंतु नजर अधू, ऐसे समयी जे घडले ते पाहिले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले असेल तर ते काजबटणाइतके, शोभेपुरते.

अखंडटीपधुरंधर टेलर मास्तर चाळीस वर्षे मापांच्या वहीवर राज्य करीत आले. परंतु डोळे फितूर जाहले, वहीतील बारीक अक्षर दिसेना, आणि मग एका किडकिडीत वकिलाच्या मापाचा कोट पोहण्याच्या शिक्षकास शिवला गेला, आणि शिक्षक तो अंगात घालून जे अडकले ते कात्री चालविल्यावाचून सुटेनात. मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसरे दिवशी जाहीर केले कीं आणखी एक कोट चुकला तर दुकान कायमचे बंद.

हे ऐकोन सूनबाई, हुद्दा शाळेतील संगणक शिक्षिका, यांचा जीव कासावीस जाहला. त्यांनी मसलत केली कीं माळ्यावर चिमुकला लॅपटॉप पडून आहे, पडदा बोटाने चालणारा, ताकद बेताची. त्यात मापे भरावी आणि अक्षर वीतभर करावे. यंत्र उतरवून इस्त्रीच्या टेबलावर मांडिले, परंतु त्यातील जुनी प्रणाली इतकी सुस्त कीं चालू करावे तो कापड कापून काजे होईतो पडद्यावर चक्रच फिरत राही. त्यात इस्त्रीप्रांताच्या सरसुभेदार सासूबाई यांचे फर्मान सुटले: "शनिवारी दुपारी भंगारवाला येतो. तोवर हे डबडं चाललं तर ठीक, नाहीतर माझं इस्त्रीचं टेबल मोकळं करा."

मुदत तीन दिवस. सबब लिनक्स नामे खुली प्रणाली, जीस धनी कोणी नाही, जी कोणीही उसवून पाहावी आणि पुन्हा शिवावी, तिची हलकी फौज पेनड्राइव्हात भरून सूनबाई गुरुवारी चालून गेल्या. दरवाजा कठीण. यंत्र सुरू होताच एका क्षणात नेमके बटण दाबावे, तरच आत वाट मिळे. सूनबाई तीन वेळा चुकल्या, आणि चौथे खेपेस वरच्या रांगेतील सगळीच बटणे दाबून आत शिरल्या. मग प्रणाली बसली, परंतु वायफाय ओळखच देईना. मग मोबाइलास केबल जोडून कुमक मागविली, आणि वायफाय शरण आले. आणि मग पडदा बिथरला, डावीकडे बोट ठेवावे तर बाण उजवीकडे धावे. मग चार कोपऱ्यांवर फुल्या उमटवून, फुलीफुलीवर बोट टेकवून पडद्यास दिशा शिकविल्या. शनिवारी सकाळी यंत्र पंचवीस श्वासांत उठले, आणि सूनबाईंनी बोट लावताच मापांचे पान उघडले.

मग मास्तरांस मानाने पाचारण केले. मास्तरांनी चष्मा पुसला, बोट पुढे केले, पडद्यावर टेकविले. काही नाही. पुन्हा दाबले, शिलाई दाबावी तैसे दाबले. काही नाही. सूनबाईंनी लाविले तर चाले, मास्तरांनी लाविले तर ढिम्म. सूनबाईंनी घाम पुशीत सगळी प्रणाली पुसून नव्याने बसविली, तरी तेच. तेव्हा मास्तर खुर्चीत बसले आणि हलकेच म्हणाले, "राहू दे गं. यंत्रालासुद्धा कळलं, माझा हात संपला." सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आले. लिहिणारासही फार वाईट वाटले.

इतक्यात रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी जाहली, आणि सासूबाई यंत्र उचलावयास जातीने दाखल जाहल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले.

"अहो, बोटातलं ते काढा आधी. लग्नात अंगठी घालताना हेच झालं होतं. आमच्या बाबांना वाटलं, अंगठीच लहान आणली."

सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालावयाचे चामड्याचे टोपण, ज्यास अंगुस्तान म्हणतात, ते मास्तरांनी चाळीस वर्षांत झोपेखेरीज उतरविले नव्हते, आणि काही ढकलावयाचे तर तेच बोट पुढे होई. घरात ते कोणास दिसेनासेच जाहले होते. मास्तरांनी ते ओढून काढिले. आतले बोट पांढरे, मऊ निघाले. ते पडद्यास लागले मात्र, पान उघडले, आणि कापायच्या टेबलापासून मास्तरांनी चष्म्यावाचून अक्षर वाचले. दुकान वाचले. सूनबाई रडल्या आणि हसल्याही.

मास्तरांनी संतोषून सासूबाईंस नवा कोट इनाम दिला आणि पहिले माप त्यांचेच घेऊन स्वहस्ते यंत्रात चढविले. आकडे वीतभर उमटले. रस्त्यावर उभ्या भंगारवाल्याने कौतुकाने कमरेचा आकडा मोठ्याने वाचून दाखविला.

ऐसी फत्ते शनिवारी दोन प्रहरी जाहली. त्याच घटकेस सासूबाईंचा हुकूम सुटला कीं पडद्याचे तोंड भिंतीकडे करावे, तो अमलात आला. आकडा येथे नोंदविला नाही, कारण लिहिणारा त्यांचाच पुत्र असून त्यास संध्याकाळी याच घरी जेवावयाचे आहे.