बाई जरा बाहेर गेल्यात

सकाळी हॉलचं दार उघडलं तेव्हा धाकटीला पाचही वाक्यं तोंडपाठ होती. 'या, बघा.' 'हे मी केलंय.' 'हातात घेऊन बघा ना.' 'भाव ठरलेला आहे.' आणि 'पुन्हा या.' आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम झाली होती. आई गिऱ्हाईक आणि ओटा म्हणजे स्टॉल. आईसमोर धाकटी फाडफाड बोलायची. आईनं मुद्दाम नाक मुरडलं तरी डगमगायची नाही. अडचण एवढीच होती, की हस्तकलेच्या प्रदर्शनाला आईखेरीज इतर माणसंही येतात.

याआधी तिची तीन प्रदर्शनं झाली होती. पहिल्यात गिऱ्हाईक जवळ आलं की ती टेबलाखाली वाकून सुतळी शोधायची. दुसऱ्यात तिनं सगळं पाटीवर लिहून ठेवलं, म्हणजे कुणाला काही विचारावंच लागू नये, आणि खरंच कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्यात दोन वस्तू खपल्या, त्यातली एक थोरल्या बहिणीनं घेतली. "बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही," थोरली म्हणाली होती, "आणि तुझी तर मुळातच माती!"

माती खरी, पण साधीसुधी नव्हे. धाकटी प्राणी करायची. वीतभर उंचीची घुबडं, मांजरी, बेडूक, हत्ती. आणि प्रत्येकाच्या तोंडावर, दुपारच्या झोपेतून कुणीतरी हलवून उठवल्यासारखा भाव. हा भाव साधणं सोपं नव्हतं. भुवई गव्हाच्या दाण्याएवढी वर गेली की प्राणी रडका दिसे, खाली आली की खुनशी. या भुवयांपायी तिनं वर्षापूर्वी कचेरीतली नोकरी सोडली होती. साहेबांनी तिची खुर्ची अजून रिकामी ठेवली होती, पण ती या महिनाअखेरीपर्यंतच. आणि हॉलच्या दर्शनी बाजूचं छोटं दुकान या प्रदर्शनातल्या एका कलाकाराला दोन वर्षांसाठी मिळणार होतं. एक तर ते दुकान, नाहीतर ती खुर्ची. 'आज बोलायचं म्हणजे बोलायचं,' असं स्वतःला बजावून धाकटीनं शेवटचा बेडूक मांडला आणि पाठ ताठ केली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक छत्रीवाले गृहस्थ. त्यांनी एक घुबड उचललं, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि खो खो हसत सुटले. "अरे! हे तर हुबेहूब आमचे व्याही! कोण हो, कोण आहे हा कलाकार?"

त्यांचा आवाज इतका खणखणीत होता की चार स्टॉलवरच्या माना वळल्या. त्यांनी नावं ठेवली असती तर धाकटीनं ती निमूट ऐकून घेतली असती, त्याची तिला सवय होती. कौतुकाची नव्हती. 'हे मी' एवढं ओठांपर्यंत आलं, तिथंच ठेचकाळलं आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी बाहेर पडलं.

"बाई जरा बाहेर गेल्यात."

"कोण बाई?"

"हे करतात त्या. मी आपली मदतीला असते."

"मग सांगा तुमच्या बाईंना, हात आहे हो, हात आहे!" असं म्हणून गृहस्थांनी व्याह्यांना कागदात गुंडाळून घेतलं.

ते गेल्यावर धाकटीला दरदरून घाम फुटला. पण पुढचं गिऱ्हाईक आलं आणि नवल घडलं. दातखीळ बसली नाही. बाईंच्या वतीनं बोलायचं म्हटल्यावर जीभ तेल घातल्यासारखी चालू लागली. "हातात घेऊन बघा ना! ही मांजर करायला बाईंना चार दिवस लागले. तीन दिवस तर नुसत्या मिशांना!" स्वतःबद्दल आयुष्यात जे एकदाही बोलली नव्हती, ते बाईंबद्दल ती धडाधड बोलत होती आणि लोक घेत होते.

दोन पिशव्या सांभाळत आलेल्या एका काकूंनी भाव कमी करायला सांगितलं. एरवी तिथंच धाकटी खचली असती. आता ती म्हणाली, "मी दिला असता हो कमी करून, पण बाई फार कडक. मागं एकदा मी कमी घेतले, तर चार दिवस धड बोलल्या नाहीत माझ्याशी." आणि हे तसं खोटंही नव्हतं.

बाई वाढत चालल्या. अकरा वाजता त्या चाळिशीच्या होत्या, बारा वाजता साठी उलटून गेली. त्यांना गर्दी सोसेना झाली. एखादा प्राणी चुकून हसरा झाला तर त्या तो फोडून टाकू लागल्या. दुपारपर्यंत अर्धं टेबल रिकामं झालं आणि बाईंचं दर्शन घेतल्याशिवाय हलायचं नाही म्हणून तीन-चार जण स्टॉलभोवती घुटमळू लागले.

शेजारचा स्टॉल मेणबत्तीवाल्या मावशींचा होता. मावशींना माइक कधी लागत नसे. त्यांनी धाकटीला खुणेनं जवळ बोलावलं आणि त्यांच्या मते हळूच विचारलं, "काय गं, सकाळी खोकी उघडलीस तू, मांडामांड केलीस तू. या तुझ्या बाई उतरणार कुठून, छतातून?"

"मावशी, हळू बोला ना! बाई नाहीतच. मीच आहे."

मावशी इतक्या हसल्या की टेबलावरच्या दोन मेणबत्त्या गडगडत खाली गेल्या.

तेवढ्यात हातात याद्या घेऊन संयोजक आले. प्रदर्शनाचा अर्ज थोरलीनं परस्पर फोनवरून भरला होता, त्यामुळे धाकटीला ते ओळखत नव्हते. "दुकानासाठी शेवटच्या तिघांत तुमच्या बाईंचं नाव आलंय. चार वाजता परीक्षक येतील. बाई जागेवर हव्यात. नसल्या तर नाव कटाप!"

खरं बोलायची हीच वेळ होती. धाकटीनं तोंड उघडलंही. पण छत्रीवाले गृहस्थ सकाळच्या घुबडासकट आणि बायकोसकट परत आले होते आणि स्टॉलभोवती ऐकलेलं तिला सांगत होते, "अगं, हसरा प्राणी फोडून टाकतात ना, त्याच या बाई!" धाकटीनं तोंड मिटलं, हॉलमागं जाऊन आईला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक की, बाई म्हणजे मीच!"

"कसं सांगू आई? बाई साठीच्या पुढं गेल्यात."

"गेल्यात म्हणजे?"

"सकाळी एवढ्या नव्हत्या. हळूहळू होत गेल्या."

मग आईनं विचारलं, "जेवलीस का तू?"

ती परतली तेव्हा मावशी शाल पांघरून, नाकावर चष्मा ठेवून धाकटीच्या खुर्चीत बसल्या होत्या. "मी होते बाई. परीक्षक म्हणजे काय, आला आणि गेला. तू नुसती मान हलव."

"नको मावशी! मी सांगते त्यांना खरं."

"हे बघ, मला म्हणालीस तसं त्यांना मोठ्यानं म्हणून दाखव बरं, मीच आहे म्हणून."

धाकटीनं श्वास घेतला. "मी..." आणि मागून आवाज आला, "याच का त्या बाई?"

परीक्षक वेळेआधीच आले होते. पांढरी दाढी, वाकलेली पाठ आणि आयुष्यभर मूर्तींसाठी दगड फोडून रुंद झालेले पंजे. त्यांनी एक हत्ती उचलून उलटासुलटा पाहिला. "भट्टी किती तापवता?"

"गरम होईपर्यंत," मावशी म्हणाल्या.

"माती कुठली वापरता?"

"जमिनीतली."

संयोजक भारावून गेले. "मोठी माणसं मोजकंच बोलतात!" ते शेजारच्याला म्हणाले. परीक्षक मात्र दाढी कुरवाळत राहिले. "बोलणं पुरे. मला काम बघायचंय. तिकडे चौथऱ्यावर माती ठेवलीय. सगळ्यांसमोर एक प्राणी करून दाखवा."

मावशींचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. पण बाई हार खाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मनगट धरलं. "हात आखडलाय हो माझा सकाळपासून. ही पोर दाखवेल. मीच शिकवलंय तिला. मी बाजूला उभी राहून सांगते."

अशा रीतीनं, चार माणसांसमोर 'या, बघा' म्हणायला घाबरणारी धाकटी दोनशे माणसांसमोर चौथऱ्यावर जाऊन बसली. तिनं समोर बघायचंच नाही असं ठरवलं आणि मातीत बोटं घातली. माती ओळखीची होती. पाच मिनिटांत गर्दी विरघळली, उरला तो फक्त एक गेंडा. त्याला पोट आलं, पाय आले, शिंग आलं, आणि काडीनं भुवई कोरताच गर्दीतून हशा पिकला. झोपमोड झालेला गेंडा थेट संयोजकांसारखा दिसत होता.

हशा ऐकून मावशींच्या अंगात बाई संचारल्या. संयोजकांनी त्यांच्यापुढे माइक धरलाच होता. "कान मोठे झालेत. लहान कर," मावशी म्हणाल्या.

धाकटीनं मान हलवली, नकारार्थी.

"अगं, मी सांगतेय ना! लहान कर. आणि जरा हसरा कर त्याला."

"नाही," धाकटी पुटपुटली.

"गोड दिसेल हसरा! आण इकडे, मी करते." आणि आखडलेला हात विसरून मावशींनी अंगठा पुढे केला, तो बरोब्बर भुवईवर.

धाकटी उठून उभी राहिली. ती गेंडा आणि अंगठा यांच्या मधोमध उभी होती आणि समोरच माइक होता. "हात लावायचा नाही!" हा आवाज हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. तो आपलाच आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. पण आता थांबायचं नाही, हे तिनं त्या क्षणातच ठरवलं. "कान एवढेच राहतील. भुवई अशीच राहील. हे प्राणी माझे आहेत. घुबडं, बेडूक, हत्ती, सगळे मी केलेत. बाई कुणी नाहीतच. सकाळपासून मी खोटं बोलले!"

मग पिशव्यावाल्या काकूंनी सुस्कारा सोडला. "बघा! बाईंच्या हाताखाली चार दिवस राहिली नाही, तर बाईंनाच कुणी नाहीत म्हणते!"

"काळच तसा आलाय," कुणीतरी म्हणालं.

"सकाळी तूच तर मला सांगितलंस बाईंबद्दल," छत्रीवाले गृहस्थ दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "चार दिवस मिशा कोरतात त्या!"

"तीन दिवस," धाकटीच्या तोंडून निघून गेलं, आणि उरलीसुरली आशाही मावळली.

शेवटी मावशीच पुढे आल्या. त्यांनी चष्मा काढला, शाल काढली. "अहो, पोरगी खरं बोलतेय. सगळं तिनंच केलंय. मी साधी मेणबत्त्या करणारी बाई आहे. मला मातीतलं ओ की ठो कळत नाही."

हॉल गहिवरला. "केवढं मोठं मन!" काकूंनी डोळे टिपले. "शिष्येसाठी आपलं नावसुद्धा सोडलं!" एकानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. मावशी जीव तोडून "अहो, नाही हो!" म्हणत होत्या, पण टाळ्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच कुणाला ऐकू गेला नाही.

धाकटी जागची हलली नाही. पळून जावंसं वाटत होतं, पण गेंडा ओला होता आणि त्याला एकटं सोडायची तिची तयारी नव्हती. परीक्षक काठी टेकत चौथऱ्यावर आले. त्यांनी गेंड्याकडे पाहिलं, मग तिच्या नखांतल्या मातीकडे, मग मावशींच्या बोटांवरच्या मेणाकडे.

"हा हसरा का नाही केलास?"

"झोपमोड झालीय त्याची. तो का हसेल?" धाकटी म्हणाली. या वेळी तिला ठेच लागली नाही.

"ज्या हातांनी हा केला, दुकान त्या हातांचं," परीक्षकांनी निकाल सांगितला. "नावाचं काय ते तुम्ही आपसात बघा."

गर्दीला हा निकाल फार आवडला, कारण बाईंनी शिष्येला जागा करून दिली हे उघडच होतं. बाईंनी अलीकडे मेणबत्त्याही करायला घेतल्यात अशी वार्ता पसरली आणि संध्याकाळच्या आत मावशींचं टेबल धुऊन पुसून साफ झालं.

धाकटीनं कचेरीत कळवून टाकलं, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. आणि दुकानाच्या बाबतीत एक गोष्ट मनाशी पक्की केली. पाटी लावायची ती स्वतःच्या नावाची, संपूर्ण नावाची, आडनावासकट. रंगारी शिडीवर चढला तेव्हा ती खाली उभी राहून एकेक अक्षर तपासत होती. "काना राहिला," तिनं दोनदा ओरडून सांगितलं. रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी मोठी अक्षरं झाली, तेव्हा कुठे तिनं रंगाऱ्याला शिडीवरून उतरू दिलं.

दुसऱ्या दिवशी पिशव्यावाल्या काकू आल्या. पाटीखाली थबकल्या, वर पाहिलं आणि त्यांचे डोळे पुन्हा पाणावले. "बघ, बाईंनी दुकानाला तुझंच नाव दिलं! एवढं कोण करतं गं हल्ली?"

धाकटीनं त्यांच्यासाठी एक बेडूक कागदात गुंडाळला, पण हातात दिला नाही. "काकू, बेडूक देते. आधी बाहेर जाऊन पाटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

काकू गोंधळल्या. बाहेर गेल्या. येणारेजाणारे थांबून बघायला लागले तशा त्या लाजल्या, पिशव्या छातीशी धरल्या आणि कसंबसं ओठांतल्या ओठांत नाव पुटपुटल्या.

"नाही हो काकू," धाकटी आतून म्हणाली, "जरा मोठ्यानं."