सहकुटुंब जेवणाची सोय

सन १९३१च्या उन्हाळ्यात त्र्यंबकराव टिपणीस हवापालटासाठी गिरगावाहून सहकुटुंब कर्जतला आले आणि स्टेशनाजवळ अंबूबाईच्या खानावळीत जेवायला बसले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कैरीची चटणी. जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मात्र शेजारच्या पाटावर भिवपुरीच्या वीजघरात काम करणारा मंगळ्या सोबत्यांसह आमटीचे भुरके मारत होता, आणि मागच्या पडवीत वाघ्या कातकरी बायकापोरांसह जेवत होता. टिपणिसांच्या धाकट्या मुलीने त्या पोरांकडे पाहून चक्क हात हलवला. प्रकार गंभीर होता. टिपणिसांनी पुन्हा भात मागून घेतला आणि बिऱ्हाडी परतताच तक्रार लिहिली.

तक्रार हवापालट सुधारणा मंडळाकडे गेली. पाहुण्यांच्या गैरसोयी दूर करण्यासाठी हे मंडळ नुकतेच निघाले होते. तोवर त्याला एकही गैरसोय सापडली नव्हती. चिटणीस ऐन जेवणाच्या वेळी जातीने आले.

"बाई, ही जागा कुटुंबांना योग्य करायची आहे. एकटे पुरुष बंद."

"एकटे कसे? घरी बायकापोरं हायेत त्यांची. पोटासाठी हितं ऱ्हातात."

"बरोबर आणली नाहीत ना? म्हणजे एकटेच."

मंगळ्या आणि त्याचे सोबती उठले. चिटणीस पडवीत गेले. तिथे वाघ्या, त्याची बायको बुधी, चार पोरे आणि म्हातारी आई, असे भरगच्च कुटुंब बसले होते. चिटणिसांनी बराच वेळ विचार केला आणि व्याख्या दुरुस्त केली: ज्यांच्याजवळ परतीचे तिकीट आहे, ते कुटुंब.

"आमी कुटं परत जायाचं?" वाघ्या म्हणाला. "आमी हितलंच."

"तेच तर," चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाले. मग ते अंबूबाईकडे वळले. "तुम्हाला यजमान नाहीत, मूलबाळ नाही. पंगत बसल्यावर तुम्हालाही आत येता येणार नाही."

चौदा वर्षे ती त्या घरात पंगती वाढत होती. हातातला डाव तिने हळूच खाली ठेवला.

"मग वाढंल कोन?"

"ती बाब मंडळाच्या विचाराधीन आहे."

अंबूबाई भांडली नाही. तिने पातेली उचलली आणि मागच्या जांभळाखाली नेली. मंगळ्याने तीन दगड मांडले, बुधीने सरपण आणले. चूल पेटली तेव्हा कुठे तिचे डोळे भरून आले. ते तिने धुरावर ढकलले.

रविवारी सुधारलेल्या खानावळीचे रीतसर उद्घाटन झाले. सहा कुटुंबे परतीची तिकिटे दाखवून पाटांवर बसली. स्वच्छ पत्रावळी, कमालीची शांतता. अर्ध्या तासाने मुले भुकेने रडू लागली. शांतताभंगाची नोंद झाली आणि मुलांना बाहेर काढण्यात आले. आता जागा कुटुंबांना सर्वस्वी योग्य झाली.

टिपणीस मुलीला शोधत मागे गेले. ती वाघ्याच्या पोरांत बसून बिरडे खात होती. टिपणिसांनी ओळखीचे कोणी नाही याची खात्री केली आणि रस्त्याकडे पाठ करून मांडी घातली.

"वाढू का?" अंबूबाईने विचारले.

"थोडेसेच," ते म्हणाले. तीनदा.

गिरगावात परतल्यावर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावून सांगितले, "जेवायला मंडळाच्याच खानावळीत जा. मागच्या झाडाखाली मुळीच नको, कुटुंबाला योग्य नाही." सर्वांनी पत्ता टिपून घेतला. आपणही घेतलाच असता. तिथे कोण कोण येते, एवढे आपण आधी विचारले असते. जेवायला काय मिळते, ते नंतर.