अजून जरासं दुखतंय

कवायतीच्या मास्तरांचा उजवा खांदा धरला आणि घरात त्यांचं राज्य आलं. चहा हातात मिळू लागला, बादल्या बायको उचलू लागली. शाळेत ते नुसत्या तोंडाने कवायत घेऊ लागले. शेवटी बायकोनेच त्यांना ओढत वैद्यबाईंकडे नेलं.

"औषधबिषध काही नाही. दुखतं तिथे बारीक सुई टोचायची, लगेच काढायची," वैद्यबाई म्हणाल्या.

मास्तरांनी दातओठ आवळले. मुंगी चावल्यासारखं झालं, आणि काय आश्चर्य! खांद्यातली कळ पार पळाली.

"कसं वाटतंय?"

मास्तर "झकास" म्हणणार, तोच समोर बसलेल्या बायकोचा चेहरा आशेने उजळलेला दिसला. त्या उजेडात त्यांना गळका नळ, माळ्यावरचं सामान आणि सिलिंडर अगदी स्वच्छ दिसलं.

"अजून जरासं दुखतंय," ते कण्हले.

"असं? मग आणखी टोचू."

आणखी टोचून झालं. मास्तरांनी डोकं चालवलं. "आता खांदा बरा आहे, पण दुखणं कोपरात उतरलंय."

कोपराला सुया बसल्या. मग दुखणं मनगटात गेलं, सुईही मागोमाग गेली. पोटदुखीचं सोंग करून मैदानातून सटकणारी पोरं मास्तर एका नजरेत ओळखत. आपण त्या पोरांहूनही कच्चे आहोत, हे त्यांना आज कळलं. पण आता माघार कशी घ्यायची?

"मुरलेलं दुखणं दिसतंय," वैद्यबाई गंभीर झाल्या. "जरा जाड सुई घेते."

सुई दिसताच मास्तर ताडकन उठले. "नको!" म्हणत त्यांनी उजवा हात वर केला. थेट छताकडे, कानाला चिकटून, कवायतीत दाखवतात तसा.

वैद्यबाईंनी सुई परत डबीत ठेवली.

"अगंबाई, गुण आला की!" बायको म्हणाली. मग जरा थांबून तिने आपला हात पुढे केला. "बाई, माझंही मनगट दुखतं हो. पण मला मेली सुईची फार भीती."

वैद्यबाईंनी मनगट दाबून पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला सुई नकोच. पंधरा दिवस भांड्यांना हात लावायचा नाही."

पंधरा दिवस सरले. मास्तरांनी हात पुसत विचारलं, "आता कसं आहे गं मनगट?"

बायकोने चहाचा घोट घेतला. मनगट उलटसुलट फिरवून पाहिलं.

"तसं बरं आहे," ती म्हणाली, "पण कोपरात उतरलंय."